त्रिनिदादमध्ये खरं स्थानिक खाणं शोधायचं कसं? रेटिंग बघून की रांग बघून?

चिंचेचा_कोळ

जुलै २०२३मध्ये बाबांना घेऊन पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीला गेलो होतो. १९७१मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं, सरदेसाईंनी शतक काढलं आणि गावसकर पहिली कसोटी खेळले, ते क्वीन्स पार्क ओव्हल डोळ्यांनी बघायचं ही बाबांची फार जुनी इच्छा. कोहलीचं शतक बघायला मिळालं. पाचव्या दिवशी पावसाने एकही चेंडू पडू दिला नाही, आणि खाण्याच्या बाबतीत आमचे डोळे उघडले ते त्या दिवशी.

पहिले चार दिवस आम्ही फोनवर तारे बघून जेवलो. मुक्कामाजवळच आरियापिटा अॅव्हेन्यू, तिथे रेस्टॉरंटांची रीघ. जेवण वाईट नव्हतं, पण असं जेवण पुण्यात किंवा दुबईतही मिळालं असतं. पाचव्या दिवशी सकाळी सहाला, पाऊस थोडा थांबला होता तेव्हा, आमच्या मुक्कामाचा रात्रपाळीचा वॉचमन घरी निघाला. बाबांनी त्याला विचारलं, तू आता नाश्ता कुठे करणार? तो म्हणाला, चला माझ्याबरोबर.

कोपऱ्यावर एक छत्री, तिच्याखाली एक पेटी आणि पेटीभोवती पंधरा माणसं. त्यांत दोन पोलीस, टाय लावलेला एक बँकवाला. सगळे डबल्स खायला उभे. हळद घातलेल्या पिठाचे दोन मऊ तळलेले बारा (तिथे वड्याला नाही, या पुरीला बारा म्हणतात), त्यांवर रसदार छोले, वरून चिंचेची चटणी, काकडी आणि शॅडो बेनी. शॅडो बेनी म्हणजे लांब पानांची, आपल्या कोथिंबिरीपेक्षा कितीतरी उग्र वासाची वनस्पती. विक्रेता एकच प्रश्न विचारतो: पेपर? म्हणजे तिखट किती. आपण म्हणायचं ‘स्लाइट’. कागदात गुंडाळलेला तो ऐवज उभ्याउभ्या हाताने खायचा. एकाची किंमत एका अमेरिकी डॉलरपेक्षाही कमी. साडेनऊला बाबांना पुन्हा खावंसं वाटलं म्हणून परत गेलो, तर तिथे छत्रीही नव्हती आणि पेटीही.

म्हणून माझं ठाम मत आहे की बेटावरचं खरं खाणं पत्त्याने सापडत नाही, ते वेळेने सापडतं. सकाळी सहाला कामावर जाणारी माणसं कुठे थांबतात ते बघा. रेटिंग बंद करा. हॉटेलच्या काउंटरवर ‘चांगलं रेस्टॉरंट कुठलं’ असं विचारू नका. तिथे काम करणाऱ्याला ‘तुम्ही स्वतः आज काय खाणार’ असं विचारा. तुम्हाला काय वाटतं?

सावध_प्रवासी

अनुभव सुंदर आहे, बाबांना नमस्कार सांगा. पण निष्कर्षाशी मी पूर्ण असहमत आहे.

माझी आई ६८ वर्षांची, मधुमेही, पोट नाजूक. बरोबर एक लहान मूल. ‘रेटिंग बंद करा’ हा सल्ला फक्त धडधाकट पोटाच्या माणसाला परवडतो. दोनशे लोकांनी एखाद्या जागेबद्दल स्वच्छता चांगली म्हणून लिहिलं असेल, तर तीही स्थानिक माहितीच आहे, फक्त लिहून ठेवलेली. पंधरा माणसांची रांग बघून विश्वास ठेवायचा आणि दोनशे माणसांचं मत बघून नाही, यातला तर्क मला समजत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. त्रिनिदादमध्ये गुन्हेगारीमुळे डिसेंबर २०२४च्या अखेरीस आणीबाणी जाहीर करावी लागली होती. अशा देशात ‘अनोळखी माणसाबरोबर कोपऱ्यावर जा’ हे लिहिताना दहादा विचार करावा. तुमचा वॉचमन भला निघाला. तेवढ्यावरून इतरांनी तसं करावं असं सांगता येत नाही.

कुव्हाकर

मी अकरा वर्षं पॉइंट लिसासच्या एका अमोनिया प्रकल्पात आहे, घर कुव्हाला. दोघांचंही थोडं चुकतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक मूलभूत गोष्ट. बार्बेडोस किंवा सेंट लुशिया पर्यटनावर जगतात, त्रिनिदाद तेल आणि वायूवर. त्यामुळे ‘पर्यटकांसाठीचं’ आणि ‘स्थानिकांचं’ अशी जी फाळणी तुम्ही दोघंही गृहीत धरताय, ती इथे फारशी नाहीच. माराकासचा किनारा घ्या. तळलेल्या पावात शार्कचा तुकडा घालून देतात, त्याला ‘बेक अँड शार्क’ म्हणतात. परदेशी पाहुण्यांना हमखास तिकडेच नेतात, म्हणून कोणी ते ‘टुरिस्टी’ ठरवतं. रविवारी दुपारी जाऊन बघा, रांगेत जवळजवळ सगळे त्रिनीच असतात. (मी स्वतः शार्क सोडला. त्यांची संख्या घटतेय, आणि त्याच गाड्यांवर किंगफिश मिळतो, म्हणजे आपल्या सुरमईचाच भाईबंद.)

वेळेबद्दल धागाकर्ते बरोबर आहेत, पण अर्धेच. प्रत्येक पदार्थाचं इथे आपलं घड्याळ आहे. डबल्स सकाळी, आणि पुन्हा उशिरा रात्री. रोटी दुपारी. पोर्ट ऑफ स्पेनमधल्या सव्हानाच्या मैदानाकडेला शहाळी आणि संध्याकाळचे स्टॉल. मध्यरात्रीनंतर कॉर्न सूप. दक्षिणेला डेबेला हमरस्त्याच्या कडेने सहीना, फुलौरी, बैगनी, कचौरीचे ठेले, तिथे दुपारनंतर जावं. सहीना म्हणजे अळूची पानं डाळीच्या पिठात घालून तळलेली. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा बायको अळूवडी आठवून रडली होती.

आणि रविवार. रविवारी बरीच रोटीची दुकानं बंद असतात आणि बाहेरून आलेली माणसं हिरमुसतात. कारण रविवारचं जेवण इथे घरी होतं: कॅलालू (अळूच्या पानांचं कालवण), मॅकरोनी पाय, रस्सा-कोंबडी, तांबडा घेवडा, भात. देशातलं सर्वांत स्थानिक जेवण रविवारी दुपारी एक वाजता लोकांच्या घरात असतं, कुठल्याच दुकानात नाही. ओळख काढा, आमंत्रण येतं. इथली माणसं जेवायला बोलावतात.

सुरक्षेबद्दल सावधताईंचं म्हणणं हलक्यात घेऊ नये. टॅक्सीच्या नंबरप्लेटवर ‘एच’ अक्षर आहे का ते बघून बसा. ‘पी’ पाटीच्या खासगी गाड्याही भाडं घेतात, ते बेकायदा आहे. मॅक्सी टॅक्सीच्या, म्हणजे मिनीबसच्या, अंगावरचा पट्टा बघा: पूर्वेकडे लाल, दक्षिणेला सॅन फर्नांडोकडे हिरवा. दिवसाउजेडी क्युरेपच्या चौकात डबल्स खायला आईंनाही घेऊन जा, काही होणार नाही. रात्री दोनला नाही.

रानभाजी

चर्चा वाचून एक प्रश्न पडला. कोणाला दुखवायचं नाही, पण हे सगळं आपलंच नाही का? छोले, पुरी, कचोरी, रोटी. इतक्या लांब जाऊन आपण बिहारी खाणंच खाणार असू, तर त्याला ‘अस्सल कॅरिबियन’ कसं म्हणायचं? अस्सल हवं असेल तर आफ्रिकी वंशाच्या लोकांचं खाणं शोधायला हवं, असं मला वाटतं. भारतीय प्रवासी परदेशात जाऊन आपलंच प्रतिबिंब शोधतात, ही आपली जुनी सवय आहे.

कुव्हाकर

रानभाजी, प्रश्न रास्त आहे, पण मी तो उलटा करीन. ३० मे १८४५ला ‘फतेल रझाक’ जहाज इथे लागलं. तेव्हापासून १९१७पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं करारावर उसाच्या मळ्यांत आली. बहुतेक कलकत्ता बंदरातून, भोजपुरी आणि अवधी बोलणारी. त्यांच्या हातात जे सामान पडलं त्यातून हे खाणं झालं. डबल्स बिहारमध्ये नाही, कुठेच नव्हतं. ते १९३०च्या दशकात प्रिन्सेस टाउनला जन्मलं. आधी एकाच बाऱ्यावर छोले मिळत, गिऱ्हाइकं ‘डबल कर’ म्हणायला लागली आणि नाव पडलं, अशी गोष्ट सगळे सांगतात.

धालपुरी बघा. शिजवून वाटलेली वाटाण्याची डाळ, जिरं, लसूण भरून पातळ लाटलेली रोटी. तिखटमिठाची पुरणपोळी म्हणा. जिऱ्याला इथे गीरा म्हणतात, भरिताला चोका, आणि फाडून चुरलेल्या पराठ्याला ‘बस अप शट’, म्हणजे फाटका सदरा. चोका आणि गीरा मूळ आपल्याकडचे असले, तरी आता हे शब्द इथल्याच माणसांचे आहेत. आणि डबल्सच्या रांगेत आफ्रिकी, भारतीय, चिनी, सीरियन वंशाचे सगळे उभे असतात. ‘हे आमचं’ म्हणत आपण तिथे गेलो, तर आपण त्यांच्याकडून पावणेदोनशे वर्षं काढून घेतो.

रानभाजी

पावणेदोनशे वर्षांचं वाक्य मनाला लागलं. मान्य. तरीही माझा आग्रह अर्धा शिल्लक आहे. धाग्यात इतका वेळ पेलाऊचं नाव कोणी काढलं नाही. साखर तेलात काळपट होईपर्यंत जाळायची, त्यात कोंबडी परतायची, मग तांदूळ, तुरीचे ओले दाणे, नारळाचं दूध. शेजारच्या टोबॅगो बेटावर स्टोअर बेच्या किनाऱ्यावर खेकड्याच्या रश्शात बुडवलेली पिठाची डम्पलिंग्ज मिळतात, त्याचाही उल्लेख नाही. आपण जिथे ओळखीचा वास येतो तिथेच थांबतो, एवढंच म्हणायचं होतं.

कुव्हाकर

हे शंभर टक्के खरं. स्टोअर बेच्या त्या खेकड्यासाठी मी दरवर्षी फेरीबोटीने जातो.

मडगावकरीण

मला सगळ्यांशीच भांडायचंय. रेटिंग की रांग हा प्रश्नच नाही. सापडलेली जागा चारचौघांत सांगायची का, हा आहे.

मडगावात आमच्या घराजवळ एक खानावळ होती. दुपारची फिशथाळी: शीत (भात), हुमण (माशाची आमटी), किसमूर (सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कोशिंबीर), एक तळलेला बांगडा, सोलकढी. बाबा रोज तिथे जेवायचे, मालकीण त्यांना ताटात काय वाढायचं हे न विचारता वाढायची. कोणीतरी ‘गोव्यातली लपलेली अस्सल जागा’ म्हणून व्हिडिओ टाकला. दोन हंगामांत बाहेर गाड्यांची रांग, आत बसायला जागा नाही, किंमत दुप्पट, आणि किसमूर बंद, कारण येणाऱ्यांना सुक्या सुंगटांचा वास चालत नव्हता. बाबा आता घरी जेवतात. त्यांची दुपार गेली, ती कोणी परत देणार नाही.

म्हणून माझं म्हणणं, खा, आनंद घ्या, पण ठेल्याचं नाव आणि नकाशावरची खूण टाकू नका. धागाकर्त्यांनी नाव लिहिलं नाही याबद्दल त्यांचे आभार.

सावध_प्रवासी

मडगावकरीणताई, वाचून वाईट वाटलं. पण ही बंदी घातली तर फायदा कोणाला? ज्यांच्या ओळखी आहेत, भाषा येते, जे महिनाभर राहू शकतात, त्यांनाच चांगलं खाणं मिळणार. चार दिवसांची रजा काढून आईला घेऊन जाणारी माझ्यासारखी बाई पुन्हा हॉटेलातच जेवणार. आणि विकणाऱ्याचं काय? त्याला जास्त गिऱ्हाईक नको असतं, हे आपण त्याच्या वतीने कसं ठरवायचं?

चिंचेचा_कोळ

खरं सांगायचं तर नाव मी तत्त्व म्हणून टाळलं नव्हतं, मला ते माहीतच नव्हतं. पण आता मी यावर विचार करतोय. डबल्सवाला पहाटे ठरावीक बारे करून आणतो, संपले की जातो. त्याच्याकडे पन्नास पाहुणे आले तर त्याचं नुकसान नाही, पण पन्नास शाळकरी मुलं उपाशी वर्गात जातील. त्या वॉचमनने पेटीवाल्याला आधी विचारलं होतं, ‘पाहुण्यांना पुरेल का?’ तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं होतं.

सावधताई, तुमचा पोटाचा मुद्दा मी घाईत उडवून लावला, ते चुकलं. बाबांसाठी मीही तीच काळजी घेतली होती आणि लिहायला विसरलो: समोर तळलेला गरम बारा घेतला, काकडी नको म्हणून सांगितलं, पाणी बाटलीचं. पण तारे आणि रांग यांत फरक आहे, यावर मी ठाम आहे. तारे देणारे बहुतेक एकदाच आलेले असतात. रांगेतला माणूस काल आला होता आणि उद्याही येणार आहे. अन्न बिघडलेलं असेल तर उद्या रांग नसते.

मडगावकरीण

सावधताई, विकणाऱ्याच्या वतीने मी ठरवत नाही. आमच्या खानावळीच्या मालकिणीला गल्ला वाढल्याचा आनंद आहे, ती तसं बोलूनही दाखवते. पण खानावळ तिची एकटीची नव्हती, रोज जेवणाऱ्या तीस माणसांचीही होती. त्यांना कोणी विचारलं नाही. मी माझं मत बदलत नाही.

सावध_प्रवासी

बरं, मतभेद राहू देत. कुव्हाकर, एक व्यावहारिक प्रश्न. डिसेंबरात खरंच जातेय, आई बरोबर. आई शाकाहारी. डबल्स चालेल हे कळलं, बाकी काय विचारून खावं?

कुव्हाकर

कॅलालू दिसायला आपल्या अळूच्या फतफत्यासारखं असतं, अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध. पण त्यात खेकडा किंवा खारवलेली डुकराची शेपटी असू शकते, विचारल्याशिवाय आईंना देऊ नका. रोटीच्या दुकानात काचेमागे भाज्या मांडलेल्या असतात: भोपळा, बोडी म्हणजे चवळीच्या शेंगा, चना-आलू, आणि ‘भाजी’ म्हणजे पालेभाजी. धालपुरीत गुंडाळून मागा. सकाळी सादा रोटी आणि टोमॅटो चोका, डबल्ससारखं तळलेलं नसतं. तिखट ‘स्लाइट’सुद्धा नको, ‘विदाउट’ म्हणा. इथली मिरची आपल्या लवंगीला मागे टाकते.

आणि रविवार मोकळा ठेवा, आमच्याकडे जेवायला या. शेजारीण कॅलालू आणून देते, आईंसाठी खेकड्याशिवायचं करायला सांगतो.