जिवाणू संवर्धकांचा पिकाला खरोखर उपयोग झाला की नाही, हे कसे ओळखावे?

प्रश्न : काळी माती

गेले दोन हंगाम मी सोयाबीन आणि त्यापाठोपाठ गहू, अशा दोन्ही पिकांना पेरणीच्या वेळी जिवाणू संवर्धके, म्हणजे पिकाला उपयोगी जिवंत जिवाणूंची पाकिटे, वापरत आहे. सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतील नत्र देणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळविणारे जिवाणू चोळले. गव्हाच्या वेळी अ‍ॅझोटोबॅक्टर या नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूचे पाकीट रासायनिक खतात मिसळून शेतात फेकले. दोन्ही पिकांना नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांची पूर्ण मात्रा नेहमीप्रमाणेच दिली. सोयाबीनच्या बियाण्याला बुरशीनाशकही त्याच संध्याकाळी लावले होते आणि पेरणी दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. ही पाकिटे तोपर्यंत खतांच्या पोत्यांजवळच ठेवलेली होती.

दोन्ही पिकांच्या उत्पादनात डोळ्यांना जाणवेल असा फरक मला दिसला नाही. या जमिनीत अनेक वर्षे सोयाबीन घेतले जात आहे, हेही सांगणे आवश्यक वाटते. माझी पद्धत चुकली, संवर्धक निकामी होते, की माझ्या जमिनीला त्यांची गरजच नव्हती, हे मला कळून घ्यायचे आहे. यंदाचे सोयाबीन आता पस्तीस दिवसांचे आहे. या अवस्थेत काही तपासता येत असेल तर कृपया सांगावे.

उत्तर १ : मूळशोधक

आपण विचारलेल्या तिन्ही शक्यता एकाच वेळी खऱ्या असू शकतात, म्हणून त्या वेगवेगळ्या करून पाहू.

आधी संख्येचा हिशेब मांडतो, कारण त्यावरून पुढचे बरेच काही उलगडते. एक हेक्टर जमिनीचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर साधारण दोन हजार टन वजनाचा असतो आणि चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये शंभर कोटींच्या आसपास जिवाणू नांदत असतात. समजा आपण दोन किलो संवर्धक वापरले आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये दहा कोटी जिवंत जिवाणू आहेत. ते सगळ्या शेतात फेकले तर मातीतल्या दर एक कोटी जिवाणूंमागे आपला एक जिवाणू पडतो. तेच दोन किलो सोयाबीनच्या पंच्याहत्तर किलो बियाण्यावर बसवले, तर प्रत्येक दाण्याच्या वाट्याला साडेतीन-चार लाख जिवाणू येतात, आणि मूळ फुटते तेव्हा ते नेमके त्याच्या शेजारी असतात. मुळालगतच्या ज्या पातळ थरात मूळ शर्करा आणि आम्ले पाझरते, त्याला शास्त्रज्ञ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये ‘रायझोस्फिअर’ हे नाव दिले. सगळी स्पर्धा त्या थरातच चालते. म्हणून गव्हाच्या वेळी खतात मिसळून फेकलेल्या पाकिटाकडून मी फारशी अपेक्षा ठेवणार नाही. शिवाय खताच्या दाण्यांशी थेट संपर्क आला की क्षारांच्या तीव्रतेने बरेच जिवाणू तिथेच मरतात.

सोयाबीनची गोष्ट वेगळी आहे. द्विदल पिके गाठींमधील जिवाणूंच्या मदतीने हवेतील नत्र वापरतात, हे हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८८ मध्ये प्रयोगांनी सविस्तर दाखवले आणि त्याच वर्षी बायजेरिंक यांनी ते जिवाणू गाठींतून वेगळे काढून वाढवले. पण प्रत्येक द्विदल पिकाची जिवाणूशी जोडी ठरलेली असते. सोयाबीनला ब्रॅडिरायझोबियम जपोनिकम आणि त्याच्या जवळच्या जाती लागतात, हरभऱ्याला मेसोरायझोबियमच्या जाती लागतात, तर वाटाणा आणि मसूर यांची जोडी रायझोबियम लेग्युमिनोसेरमशी जमते. पाकिटावर नुसते ‘रायझोबियम’ लिहिलेले असेल तर ते कोणत्या पिकासाठी आहे, हे पाहिल्याशिवाय घेऊ नये.

ज्या जमिनीत सोयाबीन अनेक वर्षे घेतले जाते, तिथे योग्य जिवाणू आधीच वस्ती करून असतात. एका ग्रॅम मातीत असे शंभर जिवाणू असले तरी बाहेरून घातलेल्या जिवाणूंमुळे उत्पादनात दिसणारी वाढ पुष्कळदा नाहीशी होते, कारण पिकाला हव्या तेवढ्या गाठी त्यांच्यापासूनच मिळतात. याउलट, ज्या जमिनीत ते पीक प्रथमच येत आहे तिथे फरक दुरूनही ओळखू येतो. ब्राझीलमध्ये सोयाबीन बाहेरून आलेले पीक होते आणि तिथल्या मातीत त्याचे जिवाणू नव्हते. योहाना ड्योबेराइनर यांच्यासारख्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी नत्रखताऐवजी जिवाणूंवर भर देण्याचा आग्रह धरला आणि आज तिथले सोयाबीन जवळजवळ पूर्णपणे जैविक नत्र-स्थिरीकरणावर उभे आहे. पुढे त्याच कामात असलेल्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आता एक प्रश्न माझ्याकडून : सोयाबीनला आपण नत्राची किती मात्रा दिली? मातीत नायट्रेट भरपूर असेल तर झाड गाठी तयार करण्याचे कष्ट घेत नाही. नत्राचा एक रेणू अमोनियात बदलायला जिवाणूला एटीपीचे, म्हणजे पेशीतील ऊर्जा वाहणाऱ्या द्रव्याचे, निदान सोळा रेणू खर्च करावे लागतात आणि तो सगळा खर्च झाडाच्या साखरेतून भागतो. आयते नत्र मिळत असताना झाड हा व्यवहार टाळते. पूर्ण मात्रा आणि संवर्धक दोन्ही एकत्र वापरणे म्हणजे जिवाणूला कामावर बोलावून त्याचे काम काढून घेण्यासारखे आहे.

उत्तर २ : बांधावरून

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. मी शेतकरी आहे, त्यामुळे हाताने करून पाहिलेल्या गोष्टीच लिहितो.

पस्तीस ते पंचेचाळीस दिवस ही गाठी पाहण्याची योग्य वेळ आहे. झाड ओढून उपटू नका, कारण गाठी मातीतच तुटून राहतात आणि गाठी नाहीत असा चुकीचा निष्कर्ष निघतो. फावड्याने मातीच्या ढेकळासकट झाड काढा, ते पाण्यात भिजवून ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. शेताच्या वेगवेगळ्या भागांतून दहा-बारा झाडे तरी घ्या. मग नखाने किंवा पात्याने गाठी चिरा. आतून गुलाबी किंवा तांबूस असेल तर गाठ काम करत आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो, जे गाठीतल्या प्राणवायूचे प्रमाण ताब्यात ठेवते. पांढरी गाठ एकतर कोवळी असते किंवा निष्क्रिय असते, आणि हिरवट गाठीचे काम संपलेले असते. गाठी कुठे आहेत हेही पाहा. मुख्य मुळाच्या वरच्या भागात, बियाण्याच्या जागेजवळ झुपक्याने असतील तर त्या बहुधा बीजप्रक्रियेतून आलेल्या असतात, आणि बाजूच्या मुळांवर दूरवर विखुरलेल्या असतील तर त्या बहुधा मातीतल्या मूळच्या जिवाणूंनी केलेल्या असतात.

साठवणुकीबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एकदा मी संवर्धकाची पाकिटे गाडीत ठेवून इतर कामांना गेलो आणि ती दुपारभर उन्हात राहिली. पाकिटावरची मुदत शिल्लक होती, रंग आणि वास नेहमीसारखाच होता, म्हणून मी ती वापरली. नव्यानेच द्विदल पिकाखाली आणलेल्या तुकड्यात त्या वर्षी गाठी जवळजवळ आल्याच नाहीत. त्या पाकिटात काळी भुकटी उरली होती, जिवाणू उरले नव्हते. तेव्हापासून मी संवर्धक शक्य तितके पेरणीच्या जवळ आणतो, सावलीत थंड जागी ठेवतो, खतांच्या आणि औषधांच्या जवळ ठेवत नाही.

बीजप्रक्रियेचा क्रम आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू, असाच ठेवावा. मधल्या काळात बियाणे पूर्ण सुकू द्यावे. तांबेयुक्त बुरशीनाशके जिवाणूंना विशेष घातक ठरतात. संवर्धक चिकटण्यासाठी डिंकाचे किंवा साखरेचे पातळ द्रावण वापरावे, बियाणे सावलीत पसरून सुकवावे आणि शक्यतो त्याच दिवशी, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, असताना पेरावे. रात्रभर बुरशीनाशकाच्या सहवासात राहून दुसऱ्या दुपारी कोरड्या, तापलेल्या मातीत पडलेल्या बियाण्यावर किती जिवाणू जिवंत राहिले असतील, याची मला शंका आहे.

आपल्या प्रश्नात मला सर्वांत खटकलेली उणीव मात्र दुसरी आहे. संवर्धक न लावलेला एकही पट्टा आपण ठेवलेला दिसत नाही. मागच्या वर्षीच्या उत्पादनाशी तुलना केली तर पाऊस, वाण आणि पेरणीची तारीख हे सगळेच त्यात मिसळते. पुढच्या पेरणीत शेताच्या तीन ठिकाणी तरी विनासंवर्धक पट्टे सोडा, बाकी सर्व व्यवस्था सारखी ठेवा आणि काढणी व वजन वेगळे करा. हे पट्टे आधी पेरा. संवर्धक लावलेले बियाणे एकदा पेरणी यंत्रातून गेले की त्याचे अवशेष पुढच्या बियाण्याला लागतात आणि तुलनेचा पट्टाच बाधित होतो.

काळी माती

दोघांचेही मनापासून आभार. काल सायंकाळी सांगितल्याप्रमाणे बारा झाडे काढली. सर्व झाडांना गाठी होत्या, पण मुख्य मुळाच्या वरच्या भागात फार थोड्या. बहुतेक बाजूच्या मुळांवर विखुरलेल्या होत्या. चिरल्यावर त्यांपैकी बऱ्याच गुलाबी निघाल्या. याचा अर्थ मी असा लावतो की माझ्या बीजप्रक्रियेतले जिवाणू टिकले नाहीत आणि पीक जमिनीतल्या जुन्या जिवाणूंवर चालले आहे. नत्र मी पेरणीबरोबर दिले होते आणि फुलोऱ्याच्या सुमारास पुन्हा देणार होतो. तो दुसरा हप्ता आता देणार नाही.

गव्हाबद्दल मात्र माझा संभ्रम कायम आहे. अ‍ॅझोटोबॅक्टर बियाण्याला नीट लावले तर गव्हाचे नत्रखत कमी करता येईल का? आणि स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंबद्दल तसेच मायकोरायझा या मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीबद्दल कोणी काही सांगू शकेल का?

उत्तर ३ : पाणंद

गव्हाच्या बाबतीत मी सावधपणे बोलेन. अ‍ॅझोटोबॅक्टर मुक्तपणे जगणारा जिवाणू आहे. त्याला गाठीसारखे घर नाही आणि झाडाकडून साखरेचा थेट पुरवठाही नाही. एक ग्रॅम साखर वापरून तो साधारण दहा ते वीस मिलिग्रॅम नत्र स्थिर करतो. म्हणजे हेक्टरी वीस किलो नत्रासाठी मातीत एक ते दोन टन साखरेइतका सहज वापरता येणारा कर्ब हवा, आणि त्याच कर्बावर इतर असंख्य सूक्ष्मजीव टपलेले असतात. सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत हे गणित जमत नाही. अ‍ॅझोस्पिरिलम या मुळांजवळ राहणाऱ्या जिवाणूचा तृणधान्यांना होणारा उपयोगही मुख्यतः नत्रामुळे होत नाही. तो जिवाणू ऑक्झिनसारखी वाढीची संप्रेरके तयार करतो, त्यामुळे मूलरोम आणि उपमुळे वाढतात आणि पीक आहे तेच खत व पाणी अधिक चांगले उचलते. त्याचा लाभ खताच्या कार्यक्षमतेत दिसतो, आणि त्याला खताचा पर्याय मानले तर पीक पिवळे पडलेले पाहावे लागते.

स्फुरदाबद्दल थोडक्यात. हे जिवाणू ग्लुकोनिक आम्लासारखी आम्ले सोडून स्फुरद मोकळे करतात. प्रयोगशाळेतल्या बशीत त्यांच्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते, परंतु चुनखडीयुक्त जमिनीत ते आम्ल लगेच उदासीन होते आणि सुटलेले स्फुरद पुन्हा कॅल्शियमशी बांधले जाते. त्यामुळे त्यांचा शेतातला परिणाम फार कमी-जास्त होतो.

मायकोरायझाबद्दल मात्र मला अधिक आत्मीयता वाटते. ‘मायकोरायझा’ हा शब्द फ्रांक यांनी १८८५ मध्ये दिला. पिकांत आढळणाऱ्या प्रकारातली बुरशी मुळाच्या पेशींत शिरते आणि तिचे धागे मुळाच्या पोहोचेपलीकडे कित्येक सेंटिमीटर पसरतात. स्फुरद मातीत फार हळू सरकते, मूळ आपल्या भोवतालचे स्फुरद काही दिवसांत संपवते, आणि त्या रित्या झालेल्या कड्याच्या बाहेर जाण्याचे काम हे धागे करतात. बहुसंख्य वनस्पती ही मैत्री करतात. मोहरी व कोबीचे कुल तसेच बीट आणि पालक यांना तिचा उपयोग नाही, म्हणून त्या पिकांसाठी हे संवर्धक घेणे व्यर्थ आहे.

ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. जमीन फार दिवस पडीक राहिली की तिची संख्या घटते. ऑस्ट्रेलियात दीर्घ पडीक काळानंतरच्या पिकांची वाढ खुंटत असे आणि त्यांत स्फुरद व जस्ताची कमतरता दिसत असे. त्याचे कारण मायकोरायझाच्या ऱ्हासात सापडले. वारंवार नांगरट केल्याने धाग्यांचे जाळे तुटते, आणि स्फुरदाची मात्रा जास्त झाली की झाड बुरशीला जवळ करत नाही. आपल्या जमिनीत दर हंगामाला पीक असते, म्हणून ती बहुधा तिथे आधीपासूनच असेल. नांगरट कमी करा आणि स्फुरद माती परीक्षणानुसारच द्या. विकतच्या संवर्धकापेक्षा याचा उपयोग अधिक होईल, असे माझे मत आहे.

मूळशोधक

पाणंद यांच्या मांडणीत एक भर घालतो. गव्हाला नत्र कमी करून पाहायचेच असेल तर ते सबंध शेतात करू नये. एका पट्ट्यात पूर्ण नत्र, एका पट्ट्यात पाऊण नत्र आणि एका पट्ट्यात पाऊण नत्र अधिक बियाण्याला लावलेले अ‍ॅझोस्पिरिलम, असे तीन पट्टे घ्यावेत. मधला पट्टा फार महत्त्वाचा आहे. तो नसेल आणि कमी नत्रातही उत्पादन टिकले, तर श्रेय जिवाणूला द्यायचे की आधीपासूनच जास्त पडणाऱ्या खताला, हे कधीच कळणार नाही. पुष्कळ प्रात्यक्षिकांत नेमका हाच पट्टा सोडलेला असतो, याचे मला फार वाईट वाटते.

सोयाबीनच्या गाठी आपल्याकडे गुलाबी आहेत, त्यामुळे मॉलिब्डेनमची मोठी कमतरता नसावी. नत्र स्थिर करणाऱ्या विकरात (एन्झाइममध्ये) हे मूलद्रव्य असते आणि आम्लधर्मी जमिनीत ते पिकाला मिळेनासे होते. तरीही मातीचा सामू (पीएच) एकदा तपासून घ्यावा.

काळी माती

गव्हासाठी हे तीन पट्टे प्रत्येकी तीन ठिकाणी आखतो आणि पेरणीचा क्रम ‘बांधावरून’ यांनी सांगितल्याप्रमाणे ठेवतो. पुढच्या सोयाबीनमध्येही बीजप्रक्रिया योग्य क्रमाने करून शेजारी विनासंवर्धक पट्टे सोडेन. एक शंका उरते : पट्ट्यांच्या कडेच्या ओळी वजनात धराव्यात का?

बांधावरून

धरू नयेत. कडेच्या दोन-दोन ओळी सोडून फक्त मधल्या ओळींची काढणी करा आणि वजन करताना दाण्यांतील ओलावा सर्व पट्ट्यांत सारखा आहे याची खात्री करून घ्या.