पडद्यांवर स्टेन्सिलने रंगवायचंय, पण रंग कडेने फुटतोय

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी, मी नाशिकला इंदिरानगरात राहते. हॉलच्या खिडक्यांना पडदे करायचेत, रेडीमेड खूप बघितले पण मनासारखे मिळेनात, मग रविवार कारंजाजवळच्या एका दुकानातून साधं ऑफव्हाइट कापड आणलं, सात मीटर, आणि ठरवलं की स्टेन्सिलने, म्हणजे आकार कापलेल्या छापाने, आपणच रंगवायचं. डिझाइन द्राक्षाच्या वेलीचं आहे, माहेर पिंपळगाव बसवंतचं, घरची बाग आहे त्यामुळे पानं समोर ठेवूनच काढली. पडद्याला हात लावायच्या आधी उशीच्या अभ्र्यावर ट्रायल घेतली आणि तिथेच घोळ झाला. स्टेन्सिल उचलली तर पानांच्या कडा सगळ्या पसरलेल्या आणि मणी एकमेकांत मिसळून नुसता जांभळा डाग. रंग घट्ट वाटला म्हणून थोडं पाणी घातलं होतं. आणि मण्यांच्या मधली बारीक पट्टी कापताना सारखी तुटते. प्लीज सांगा कुणीतरी, एवढं कापड वाया घालवायचं माझ्या फार जिवावर येतंय.

सुईदोरा:
ताई, पाणी घातलंत तिथेच रंग फुटला. कापड पाणी ओढतं आणि पाण्याबरोबर रंग स्टेन्सिलच्या खाली सरकतो, म्हणून स्टेन्सिलला रंग जेवढा कोरडा तेवढा चांगला. फारच घट्ट असेल तर फॅब्रिक मिडियम (कापडावरच्या रंगात मिसळायचं द्रव) घाला, तेही थेंबभर. ब्रश गोल, चपट्या तोंडाचा, राठ केसांचा घ्या, रंगात नुसतं टोक बुडवा आणि मग जुन्या कापडावर टिपून टिपून जवळजवळ कोरडा करा, एवढा की आता यात रंग उरलाय का असं वाटलं पाहिजे. मग ब्रश सरळ उभा धरून टिपायचं, ओढायचं अजिबात नाही, ओढलं की केस कडेखाली शिरतात. एका हातात गडद नाही होणार, दोन-तीन हात द्या. मी पहिली चादर केली तेव्हा घाईघाईत एकाच हातात गडद करायला गेले आणि अख्खी चादर गेली, अजून वाईट वाटतं.
आणि हो, कापड आधी धुतलंत का? नव्या कापडाला खळ असते, त्यावर रंग नीट धरत नाही आणि पहिल्या धुण्यात निघायला लागतो, शिवाय सुती कापड आटतं ते वेगळंच. धुवा, वाळवा, कडक इस्त्री करा आणि मगच सुरू करा.

छापवाली:
पट्टी तुटते त्याबद्दल सांगते. दिवाळीत आपण रांगोळीचे छाप आणतो ना, एखादा हातात घेऊन उजेडासमोर धरा, प्रत्येक गोलाला कुठून ना कुठून पट्टी जोडलेली दिसेल, ती नसेल तर मधला तुकडा गळूनच पडेल. मथुरेकडे सांझीचे, म्हणजे रंगीत पूड टाकून चित्र काढायच्या छापांचे, कागद कापतात, एवढं नाजूक काम पण त्यातही तेच तंत्र. द्राक्षाचे मणी एकमेकांना चिकटून असतात म्हणून तुमची पट्टी केसाएवढी राहते आणि तुटते. त्यापेक्षा दोन स्टेन्सिल करा, पहिलीत एकाआड एक मणी, दुसरीत राहिलेले. दोन्हींच्या कोपऱ्यात एकाच ठिकाणी भोकं पाडा आणि कापडावर तिथे खडूचा ठिपका ठेवा म्हणजे दुसरी बरोबर बसते. पहिले मणी पूर्ण वाळल्याशिवाय दुसरी ठेवू नका. दुसरे मणी किंचित फिकट ठेवलेत तर घड भरलेला दिसतो.
कागद वापरला असेल तर तो ओला होऊन फुगतो, ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) किंवा एक्सरेची जुनी फिल्म घ्या, काचेवर ठेवून कटरने कापा, पातं बोथट झालं की लगेच बदला.

मांजरपाट:
कापड नक्की सुतीच आहे का हे बघा हो. दुकानात कॉटन म्हणून देतात आणि त्यात पॉलिस्टर मिसळलेलं असतं. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा, सुताची कागदासारखी राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. माझे किचनचे पडदे मिक्स कापडाचे होते, चार धुण्यांत रंगाचे पापुद्रे निघाले. कापड आणि रंग दोन्हींचे पैसे गेले.

गोदाकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा जाळला, राख झाली, जीव भांड्यात पडला. कापड धुतलं, दोन स्टेन्सिल केल्या, रात्री परत अभ्रा घेऊन बसले. कापडाखाली पुठ्ठा, स्टेन्सिलला चारी बाजूंनी मास्किंग टेप. ब्रश इतका कोरडा होता की पहिल्यांदा काही उमटतच नव्हतं, तिसऱ्या हाताला मणी उठले. स्टेन्सिल उचलली आणि पानाचा एकेक दाता सुटा दिसला, अगदी देठाजवळची खाचसुद्धा! आईला फोटो पाठवला तर म्हणाली पान आपल्याच बागेतलं आहे. आता दोन शंका, रंग पक्का कसा करायचा आणि वेल सलग कशी न्यायची?

सुईदोरा:
वा, किती छान झालंय! एक दिवस पूर्ण वाळू द्या, पावसाळी हवेत दोन, मग उलट बाजूने सुती कापड मधे ठेवून गरम इस्त्री, वाफ बंद. एका जागी दाबून न ठेवता तीन-चार मिनिटं फिरवत राहा. धुवायची घाई नको, तीन-चार दिवस जाऊ द्या, मग गार पाण्यात हाताने, ब्रश घासायचा नाही.
वेल सलग नेताना ओळीने जाऊ नका, ओल्या रंगावर स्टेन्सिल टेकते. आधी पहिली, तिसरी, पाचवी जागा, ती वाळली की दुसरी, चौथी. दर दोन-तीन छापांनी स्टेन्सिलची मागची बाजू पुसा, कडेला रंग साचला की आकार लहान होत जातो. आणि वेल पडद्याच्या खालच्या बाजूला ठेवा, वर चुण्या पडतात, तिथे एवढे कष्टाने केलेले घड घडीत दडतील.

गोदाकाठची:
चुण्यांचं डोक्यातच आलं नव्हतं! मग खालून एक वीत सोडून वेल घेते. शनिवारी पहिला पडदा करते, झाला की फोटो टाकते.