जुन्या कॅसेटा नव्या हँडहेल्डमध्ये ‘चालतात’ म्हणजे नेमके काय चालते?

टिळकवाडीचा पालक (प्रश्न)

नमस्कार. आम्ही बेळगावात राहतो. निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नाही, त्यामुळे बाहेरून आलेला माल ठेवणाऱ्या कोल्हापुरातील एका दुकानातून आम्ही गेल्या महिन्यात त्यांचा स्विच २, म्हणजे हातात धरून खेळायचा नवा कन्सोल, घेतला. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण मला भांडण नको, उत्तर हवे आहे. पैसे देण्यापूर्वी मी एकच गोष्ट तीनदा विचारली होती: घरात २०२० पासून जमलेल्या अकरा कॅसेटा यात चालतील का? तिन्ही वेळा उत्तर मिळाले, “जुने सगळे चालते, तुमचा जुना स्विच एक्स्चेंजमध्ये देऊन टाका, काही अडणार नाही.” आम्ही जुना कन्सोल, त्याचे जॉय-कॉन (बाजूला लागणारे कंट्रोलर) आणि डॉक (टी.व्ही.ला जोडायचा स्टँड) तिथेच ठेवून आलो.

घरी आल्यावर कॅसेटा खरोखरच चालल्या, हे मान्य करतो. पण मुलीने ॲनिमल क्रॉसिंग या बेट वसवण्याच्या गेमची कॅसेट घातली तेव्हा गेमने तिला नव्या खेळाडूसारखे नाव विचारले. लॉकडाउनमध्ये ती चौथीत होती तेव्हापासून, आता एस.एस.एल.सी.ला (दहावीला) येईपर्यंत, तिने ते बेट सांभाळले होते. खानापूरला आजोळी जसे परडे आहे तशीच झाडांची मांडणी तिने तिथे केली होती. ती काही बोलली नाही, कॅसेट काढून डबीत ठेवली आणि अभ्यासाला बसली. मला तेच जास्त लागले.

पत्नी रोज सकाळी रिंग फिट या गेमची रिंग हातात घेऊन व्यायाम करते. त्या रिंगमध्ये नवे जॉय-कॉन बसतच नाहीत. जुने मेमरी कार्ड घातले तर त्यावर गेम उतरवता येत नाहीत.

दुकानदार म्हणतो, “कॅसेट चालते ना, मग मी खोटे काय बोललो?” मला विचारायचे आहे की ‘जुने चालते’ या शब्दांचा खरा अर्थ काय धरायचा, आणि मुलीचे बेट परत मिळण्याची काही आशा आहे का.

खानापूर रोडवरून

सर, बाकी सगळे नंतर वाचा, आधी दुकानाला फोन करा. स्विचवर गेमची सेव्ह, म्हणजे आपण कुठवर खेळलो याची नोंद, कॅसेटमध्येही नसते आणि मेमरी कार्डातही नसते. ती कन्सोलच्या आतल्या मेमरीत असते. तुमचा जुना कन्सोल त्यांनी अजून फॅक्टरी रीसेट केला (आतले सगळे पुसले) नसेल तर बेट आजही त्यातच आहे. तो विकू नका, रीसेट करू नका, एवढेच आत्ता सांगा, आणि फोन झाल्यावर तेच व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवा.

पैसे भरून घेतलेल्या ऑनलाइन सदस्यत्वात बहुतेक गेमच्या सेव्ह क्लाउडवर जातात, परंतु ॲनिमल क्रॉसिंग त्यात येत नाही. त्याच्या बेटाचा बॅकअप आणि स्थलांतर यांची पद्धत वेगळी आहे. त्यामुळे कन्सोल हाती आला तरी घाईने काही दाबू नका. कंपनीच्या साहाय्य-पानावर त्या गेमसाठी दिलेल्या सूचना पूर्ण वाचा, आणि बेट नव्या कन्सोलवर उघडून मुलीने डोळ्यांनी पाहीपर्यंत जुना परत देऊ नका.

शहापूरचा दुरुस्तीवाला

मी शहापुरात गेली बरीच वर्षे मोबाईल आणि गेमचे कन्सोल दुरुस्त करतो. ‘चालते’ या एका शब्दात किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, हे माझ्या टेबलावर रोज दिसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

२००१ मध्ये निन्टेन्डोचा गेम बॉय ॲडव्हान्स आला तेव्हा जुन्या गेम बॉयच्या कॅसेटा त्यात चालत, कारण कंपनीने त्यात नव्या प्रोसेसरबरोबर जुना आठ बिटचा प्रोसेसरही बसवला होता. जुन्या कॅसेटला पाच व्होल्ट लागत आणि नवीला ३.३. आपण कोणती घातली हे यंत्राला कळावे म्हणून खाचेत एक लहानसा स्विच आहे. कॅसेटच्या आकारावरून तो दाबला जातो किंवा मोकळा राहतो, आणि त्यावर व्होल्टेज ठरते. मी तो पहिल्यांदा उघडून पाहिला तेव्हा बराच वेळ बोटाने दाबत बसलो होतो. ग्राहकाला कसले बटण शोधावे लागत नाही, काही विचारावे लागत नाही, सगळी काळजी बनवणाऱ्याने आधीच घेतलेली असते. माझ्या मते ‘जुने चालते’ हे शब्द वापरण्याचा खरा अधिकार अशा यंत्रालाच आहे.

पण त्याच घराण्यात २००५ चा गेम बॉय मायक्रो आला आणि त्याने गेम बॉयच्या मूळ कॅसेटा घेणे बंद केले. निन्टेन्डोच्याच २००४ च्या दोन पडद्यांच्या डी.एस.मध्ये ॲडव्हान्सच्या कॅसेटांसाठी वेगळी खाच होती, त्याच्या पुढच्या आवृत्तीत, डी.एस.आय.मध्ये, ती काढून टाकली. २०११ चा थ्री-डी.एस. मात्र डी.एस.च्या कॅसेटा चालवतो, आणि नवी कॅसेट चुकून जुन्या यंत्रात जाऊ नये म्हणून तिच्या एका कोपऱ्याला छोटे टोक ठेवले आहे. सोनीच्या पी.एस.पी.साठी लोकांनी यू.एम.डी. चकत्या जमवल्या, आणि २००९ च्या पी.एस.पी. गोमध्ये चकती घालायला जागाच नव्हती. पुढे सोनीचाच व्हिटा आला तेव्हा चकतीच्या मालकांना डिजिटल प्रत कमी पैशांत देण्याची सोय जपानात झाली, ती आपल्याकडे आली नाही. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन यंत्रांमध्येही हा शब्द प्रत्येक वेळी नव्याने तपासावा लागतो.

स्विच २ चे प्रकरण आणखी वेगळे आहे. त्यात जुन्या स्विचचा चिप नाही. जुना गेम चालू असतानाच त्याच्या सूचना नव्या चिपला समजतील अशा रूपात बदलल्या जातात, म्हणूनच बहुतेक गेम चालतात आणि काही अडतात, आणि त्यांतले काही अपडेटने सुधारतात. हे काम कठीण आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मात्र हे झाले केवळ गेमपुरते. रिंगमध्ये जुन्याच आकाराचे जॉय-कॉन बसतात; जुने जॉय-कॉन नव्या कन्सोलला बिनतारी जोडता येतात, पण त्यावर चढवून चार्ज होत नाहीत, त्यासाठी वेगळी सोय लागते. जुन्या मायक्रो एस.डी. कार्डावरचे फोटो आणि व्हिडिओ तेवढे घेता येतात; गेम ठेवायला मायक्रो एस.डी. एक्स्प्रेस हेच कार्ड हवे. तुमच्या दुकानदाराने जॉय-कॉन ठेवून घेण्याआधी घरात रिंग आहे का, एवढे एक वाक्य विचारायला हवे होते.

सेव्हबद्दल एक सांगतो. जुन्या गेम बॉयच्या कित्येक कॅसेटांत सेव्ह टिकवण्यासाठी नाण्याएवढा सेल असतो. वडगावचे एक गृहस्थ त्यांच्या लहानपणची कॅसेट घेऊन आले होते, सेल अगदी मरणाला टेकला होता. तो काढला की सेव्ह गेली, म्हणून बाहेरून तीन व्होल्टची जोड देऊन, ती चालू ठेवूनच मी जुना सेल सोडवला आणि नवा झाळला. गेम चालू करून त्यांनी आपले नाव पडद्यावर पाहिले आणि खुर्चीत बसूनच राहिले. ग्राहकाला जी वस्तू जुनी वाटते तिच्यात बहुतेक वेळा गेमपेक्षा ही नोंद मोलाची असते, आणि विकणारे नेमके तिलाच मोजत नाहीत.

अनगोळचा विद्यार्थी

दुरुस्तीवाल्या काकांचा राग समजतो, तरीही एक वेगळे मत मांडतो. जुन्याचे ओझे प्रत्येक नव्या यंत्राने वाहिलेच पाहिजे असे मला वाटत नाही. २०१७ मध्ये स्विच आला तेव्हा त्याने डी.एस. आणि थ्री-डी.एस.च्या कॅसेटा सोडून दिल्या. दोन पडद्यांचे गेम एका पडद्यावर बसवत राहिले असते तर टी.व्ही.ला जोडता येणारा हँडहेल्ड झालाच नसता. ज्याला जुने सगळे हवे त्याने स्टीम डेकसारखे, म्हणजे हातात मावणाऱ्या संगणकासारखे, यंत्र घ्यावे, तिथे संगणकासाठी वर्षांपूर्वी घेतलेले गेम खात्यात तसेच मिळतात, आणि विंडोजसाठीचे बरेचसे गेम प्रोटॉन नावाच्या सॉफ्टवेअरमार्फत त्याच्या लिनक्स प्रणालीवर चालतात.

शहापूरचा दुरुस्तीवाला

यंत्राने जुने सोडले याबद्दल माझी तक्रारच नाही, सोडले ते सांगितले नाही याबद्दल आहे. २०१७ च्या स्विचकडे पाहताच कळत होते की डी.एस.ची कॅसेट जाणार नाही, म्हणून कोणी फसले नाही. आता कॅसेट तीच, खाच तशीच, आणि अपुरेपणा आत लपलेला, हे ग्राहकाला पाहून कळत नाही. नव्या गेमच्या काही कॅसेटांत तर गेम नसतोच, फक्त किल्ली असते. कॅसेट घालूनही संपूर्ण गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो. आणि खात्यातील गेमचे म्हणाल तर थ्री-डी.एस.च्या ऑनलाइन दुकानातील खरेदी २७ मार्च २०२३ रोजी बंद झाली. घेतलेले पुन्हा उतरवता येतात, पण जे तेव्हा घेतले नाही ते आता त्या दारातून मिळत नाही.

निपाणीहून

मी वकील नाही, परंतु एका बिघडलेल्या मिक्सरसाठी ग्राहक आयोगापर्यंत गेलेलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो. आपल्या सीमाभागातील माणसे खरेदीला कोल्हापूर, पुणे किंवा गोव्याला जातात आणि काही बिनसले की ‘दुकान दुसऱ्या राज्यात, आता कोण हेलपाटे घालणार’ म्हणून गप्प बसतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार देता येते, त्यामुळे तुम्हाला बेळगाव सोडावे लागणार नाही. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा. पुष्कळ वेळा तेवढ्यानेच दुकानदार बोलता होतो.

“मी तोंडी बोललो होतो” हा बचाव फारसा टिकत नाही, कारण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत तोंडी केलेले खोटे विधानही धरले आहे. प्रश्न उरतो पुराव्याचा. तुमचे आणि त्यांचे व्हॉट्सॲपवरील बोलणे, बिल, आणि एक्स्चेंजमध्ये काय काय दिले याची नोंद जपून ठेवा. खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत आहे का तेही पाहा. आयात केलेल्या पॅकबंद मालावर हे छापणे २०११ च्या वैधमापन नियमांनी बंधनकारक आहे. हे नसेल तर वॉरंटीसाठी कोणाच्या दारात जायचे हाच प्रश्न पडतो.

मात्र आधी बेट मिळवा. आयोग भरपाई देऊ शकतो, पुसली गेलेली सेव्ह देऊ शकत नाही.

टिळकवाडीचा पालक

सर्वांचे मनापासून आभार. पहिले उत्तर वाचताच फोन केला. कन्सोल अजून त्यांच्या कपाटात आहे; चार्जर दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेल्याने तो तसाच पडून राहिला आणि रीसेट झाला नाही. जॉय-कॉन मात्र विकले गेले, त्यांच्या जागी जुन्या पद्धतीची दुसरी जोडी देण्यास ते तयार झाले आहेत, आणि ते मी त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घेतले आहे. बिलावर एक्स्चेंजचा उल्लेख नाही, तोही उद्या लिहून मागणार आहे. खोक्यावर आयातदाराचे नाव सापडले नाही. त्याचा फोटो काढून ठेवला.

उद्या सकाळच्या बसने मुलगी आणि मी कोल्हापूरला जात आहोत. बेटाच्या स्थलांतराच्या सूचना तिने स्वतः वाचून वहीत उतरवल्या आहेत आणि नवा कन्सोल आज रात्रीच चार्जिंगला लावला आहे.