हरिपूरला मला एका जपानी लांडगिणीनं नेलं. हसा, पण मुद्दा ऐका

कृष्णाकाठचा_कारटा

आधीच कबूल करतो, वय पस्तीस आणि मी लाइट नॉवेल वाचतो. माहीत नसलेल्यांसाठी: जपानी प्रकार आहे, खिशात मावेल एवढं पुस्तक, मधेमधे चित्रं, आणि एका-दोन बैठकांत खंड संपतो. मुख्यतः शाळा-कॉलेजातली पोरं डोळ्यासमोर ठेवून लिहितात.

माझं लाडकं म्हणजे इसुना हासेकुराचं ‘स्पाइस अँड वुल्फ’. पहिला खंड २००६ चा. लॉरेन्स हा गावोगाव फिरणारा व्यापारी आणि त्याच्या गाडीत येऊन बसलेली होलो, म्हणजे पिकाची राखण करणारी लांडगीण-देवता, दिसायला शेपटीवाली पोरगी. तलवारबाजी जवळजवळ नाहीच. पहिल्या खंडातली सगळी भानगड एका नाण्यात चांदी किती राहणार यावरून. दुसऱ्यात मिरी तोलली जाते आणि होलोच्या ध्यानात येतं, की काटा ठेवलाय ते टेबलच कललेलं आहे.

तिथं मी पुस्तक मिटलं. आमचे आजोबा कुठल्याही पेढीवर गेले की बोलण्याआधी पारड्याखालून हात फिरवायचे. चिंच चिकटवलेली नाही ना, बघायला. मी लहानपणी हे शेकडो वेळा पाहिलं आणि मला त्याची लाज वाटायची. लोकांसमोर काय हे, असं.

मार्चमधला शनिवार-रविवार होता. पुण्याहून सांगलीला घरी आलो, मार्केट यार्डात हळदीचा हंगाम जोरात. सौद्याच्या वेळी जाऊन नुसता उभा राहिलो. एकानं हळकुंड उचललं, कटकन मोडलं, आतला रंग बघितला आणि टाकून दिलं. तोंडातून शब्द नाही. रविवारी चुलतभावाला गाडीवर मागं बसवून जवळच्या हरिपूरला गेलो, पेवं बघायला, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं. सांगलीत जन्म गेला, पेव कधी बघितलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं: ज्याला ‘हलकं’ म्हणतात त्या पुस्तकानं मला माझं गाव दाखवलं. पटत असेल तर सांगा, नसेल तर का ते सांगा.

आयर्विनचा_कठडा

नाही पटत. हल्ली या लाइट नॉवेलचं नुसतं पेव फुटलंय. भाचीच्या कपाटात बघितली, दहातल्या आठांत हिरो मरतो आणि दुसऱ्या जगात जन्म घेतो. उरलेल्या दोनांत तो शाळेत असतो आणि चार पोरी त्याच्या मागं.

आणि अहो, हरिपूरला गेलात आणि देवलांचं नावसुद्धा नाही? गोविंद बल्लाळ देवल त्याच गावचे. म्हाताऱ्याशी कोवळ्या पोरीचं लग्न लावायच्या प्रथेवर ‘शारदा’ लिहिलं, १८९९ साली. कृष्णा-वारणेचा संगम तिथं, संगमेश्वर तिथं. तुम्हाला शेपटीवाली पोरगी आठवली. आजोबांनी पारडं तपासलं तेव्हा दिसलं नाही, तेच परक्या बाईनं तपासल्यावर दिसलं. यात पुस्तकाचं कौतुक काय? तुमच्या डोळ्यांचा दोष आहे.

कंदीपेढा

कठडाकाका जरा जास्तच बोलले, पण कारटादादा, माझाही तुम्हाला विरोधच आहे. वेगळ्या कारणानं. होलो आणि लॉरेन्स म्हणजे वाणिज्य शाखेचा अभ्यासक्रम अधिक लाडीगोडी. प्रवासाचं खरं पुस्तक हवं असेल तर केइइची सिगसावाचं ‘कीनोज जर्नी’. २००० साली सुरू झालं. कीनो आणि तिची बोलणारी मोटरसायकल हर्मीस. नियम एकच: कुठल्याही देशात तीन दिवस आणि दोन रात्री, त्याहून जास्त नाही. जास्त राहिलं तर तिथलेच होऊन बसू, ही भीती.

मी साताऱ्याची. आमच्याकडं सप्टेंबरात सगळं जग दोन दिवसांसाठी येतं. कासला फुलं, ठोसेघरला धबधबा, जाताना पेढे. गाड्यांची रांग, फुलांपेक्षा टोप्या जास्त. आधी चीड यायची, दोन दिवसांत यांना काय कळणार म्हणून. कीनो वाचल्यावर वाटलं, कदाचित दोनच दिवसांत काहीतरी कळतं जे आम्हाला कळत नाही.

मग मीच पाहुणी होऊन भिलारला गेले. पाचगणीजवळचं पुस्तकांचं गाव, २०१७ पासूनचं. घरांतून कपाटं आहेत, कुठंही बसा, वाचा, पैसे नाहीत. मी एका ओसरीवर बसले. घरच्या काकूंनी ‘चहा टाकू का?’ विचारलं आणि उत्तर न ऐकताच आत गेल्या. मांडीवर कपाटातलं मराठी पुस्तक आणि पिशवीत कीनो. कीनो बाहेर काढायचं धाडस झालं नाही. का, ते अजून कळलेलं नाही.

कृष्णाकाठचा_कारटा

काका, दोष माझ्या डोळ्यांचा हे मान्य. पण चष्मा परदेशी बनावटीचा आहे म्हणून तो फेकून द्यायचा का? देवल शाळेत होते, परीक्षेपुरते. पाच गुणांसाठी वाचलेल्या माणसाच्या गावाला कोण सुट्टीत जातं?

कंदीपेढाताई, कीनो मला कोरडी वाटते. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ती आपली निघून जाते. लॉरेन्सला निदान कर्ज होतं. दुसऱ्या खंडात उधारीवर चिलखतं घेतो आणि भाव कोसळतो, तेव्हा त्याची जी पळापळ होते ती वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता. ज्याच्या घरात आडत्याची उचल असते त्यालाच ते कळेल.

हळकुंड

आमची तीन पिढ्यांची आडत. दोघांनाही थोडं थांबवतो.

कठडासाहेब, तुम्ही ‘पेव फुटलंय’ लिहिलंत ते याच पेवावरून. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं, हंड्यासारखा. हरिपूरची माती घट्ट, म्हणून तिथं साधतं. हळद भरायची, तोंड बंद करून मातीनं लिंपायचं. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. वर्षानुवर्षं माल टिकायचा.

पण कारटेराव, तुमच्या पुस्तकात पेव उघडण्याचा वास नाही. झाकण काढलं की लगेच कुणी उतरत नाही. आतली हवा मारते. तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. नाही विझला तर गडी उतरणार. आमचे वडील कंदील खाली जाताना बोलायचे नाहीत, दुसऱ्या कुणाला बोलू द्यायचे नाहीत.

२००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं गेली. आता माल शीतगृहात जातो. २०१८ ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद आहे, पण मानांकनानं पेव परत येत नाही. तुम्ही जे बघून आलात ते रिकामं होतं ना? खरं सांगा.

कृष्णाकाठचा_कारटा

रिकामं होतं. तोंडाशी रुई उगवलेली. आत वाकून बघितलं तर कुणीतरी टाकलेली पाण्याची बाटली दिसली. हे मुद्दाम लिहिलं नव्हतं.

माणदेशी_मेंढका

मगापासून वाचतोय. लांडगा देव आणि पिकाची राखण? आमच्याकडं माळावर लांडगा रात्री येतो आणि कोकरू घेऊन जातो. पुस्तक लिहिणाऱ्यानं एक रात्र वाघरात, मेंढ्यांभोवती लावलेल्या जाळीच्या आत, झोपून बघावं.

तरी एक सांगतो. आमचा म्हातारा लांडग्याला शिव्या देतो, पण मारू देत नाही. म्हणतो, त्याचंबी पोट हाय. त्यामुळं तुमची ती होलो मला अगदीच खोटी नाही वाटली.

आयर्विनचा_कठडा

मेंढकाचं बोलणं पटलं, पुस्तकाचं नाही. माझा मूळ आक्षेप तसाच आहे. इंग्रजीतून आलेल्या जपानी गोष्टीवर तुम्ही इतके भाळता, आणि बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या मात्र रद्दीत. तीही खिशात मावणारीच होती. त्यांनाही तेव्हा हलकंच म्हणायचे. (माझे वडील म्हणायचे. मी गादीखाली ठेवून वाचायचो.)

कंदीपेढा

काका!! म्हणजे तुम्हीसुद्धा!

आयर्विनचा_कठडा

ते वय वेगळं होतं. विषय बदलू नका.

हळकुंड

काकांच्या रानाच्या कडेला एक पेव शाबूत आहे. रिकामंच, पण झाकलेलं. पुढच्या रविवारी सकाळी उघडणार आहोत, डागडुजी होते का बघायला. ज्यांना यायचंय त्यांनी या. उन्हाच्या आत. कंदील माझ्याकडं आहे.

कृष्णाकाठचा_कारटा

येतो. दुसरा खंड आणू का?

आयर्विनचा_कठडा

मी येईन, पण आधी संगमावर जायचं आणि देवलांबद्दल मी दहा मिनिटं बोलणार. कुणी मोबाइल बघायचा नाही.

माणदेशी_मेंढका

मी पण निघतो पहाटे. लांडगिणीला घरीच ठेवा, माझ्यासोबत कुत्री आहेत.