शब्दचर्चा : पाण्यावरून टॉवेल-टोपीवर गेलेल्या बोलण्याला काय म्हणावं?

प्रश्न, परभणीहून

मागच्या आठवड्यात आमची भावकी बसली होती. विहीर सामाईक, चार हिस्से, प्रत्येकाला दोन दिवसांची पाळी. काकांच्या पाळीत लाईट नव्हती, ते दिवस भरून मिळावेत एवढाच विषय. तिसऱ्या वाक्याला कुणीतरी बोललं, "काहून? लेकीच्या लग्नात आमाला टॉवेल-टोपी तरी केली का तुमी?" झालं! दोन तास त्यातच गेले आणि पाणी राहिलं बाजूला. याला 'विषयांतर' म्हणणं मला पटत नाही. विषयांतरात माणूस दुसऱ्या विषयावर जातो, इथं तो समोरच्या माणसावर गेला. नेमका शब्द कोणता?

उत्तर, नांदेडहून

विषयांतर नाहीच. 'फाटे फोडणं'ही नाही, कारण फाटे मुद्द्यालाच फुटतात. तुम्हाला हवा तो शब्द 'उणीदुणी काढणं' किंवा 'उखाळ्यापाखाळ्या काढणं'. दोन्हीकडं क्रियापद 'काढणं' आहे, हे बघा. मनात साठवून ठेवलेलं असतं तेच बाहेर निघतं. तो आहेर किती वर्षांपूर्वीचा होता, विचारा.

पण मला जास्त ओढ आहे ती 'हुज्जत', 'तक्रार', 'कज्जा' या तीन शब्दांची. सगळ्या मराठीत आहेत, तरी आपल्या कानांना अधिक ओळखीचे, कारण 1948 पर्यंत इथं निजामाचं राज्य आणि कचेरीची भाषा उर्दू. हुज्जत म्हणजे मुळात अरबीत पुरावा, दलील. आज हुज्जत घालणाऱ्याकडं पुरावा सोडून सगळं असतं. कज्जा म्हणजे निवाड्याला आलेलं प्रकरण; पुढं नुसतंच भांडण. आणि तक्रार म्हणजे मुळात पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा म्हणणं. उर्दूत त्याची बाचाबाची झाली, मराठीत गाऱ्हाणं. तुमच्या बैठकीत जे दोन तासांत घडलं, ते या शब्दांच्या अर्थात आधीच घडून गेलंय. मुद्द्यापासून निघाले आणि भांडणावर येऊन थांबले.

उत्तर, पैठणहून

'वितंडवाद' कुणी सुचवायच्या आत सांगतो, तो इथं बसत नाही. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत. खरं काय ते शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडत राहायचं ती वितंडा. म्हणजे वितंडा करणाराही विषयावरच असतो! टॉवेल-टोपी या तिन्हींत नाही.

मी 'एकेरीवर येणं' म्हणेन. 'अहो' सुटून 'अरे' आलं की समजावं, विषय संपला.

उत्तर, लातूरहून

दादा, एकेरीचं मला मान्य नाही. आपल्याकडं आई 'तू', आजी 'तू', थोरला भाऊसुद्धा 'तू'. एकेरी ही आपली मायेची बोली. उलट मी माझ्या घरात पाहिलंय, की दोन भाऊ जन्मभर अरे-तुरे करत आले आणि वाटणीच्या दिवशी धाकटा म्हणाला, "बरं, तुमी म्हणताल तसं. तुमी मोठी माणसं." त्या 'तुमी'नं थोरल्याच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. त्याला शिवी चालली असती. म्हणून आपल्या बोलीत भांडण ओळखायची खूण एकेरी नव्हे, आहे ते संबोधन बदलणं. वरच्या प्रश्नातलं वाक्यही पुन्हा वाचा. "आमाला", "तुमी". ते दोघं एरवी एकमेकांना काय म्हणतात?

'हमरीतुमरी' या शब्दात हेच आहे, सर्वनामांचंच भांडण. आमच्या घरी आजी त्याला "मपलं-तुपलं सुरू झालं" म्हणायची, म्हणजे माझं-तुझं. बीड-जालन्याकडंही 'मपलं', 'तुपलं' रोज बोलतात, भांडण नसतानाही. पण ते जोडीनं आलं की आजी चुलीपुढून उठून बाहेर यायची.

परभणीहून पुन्हा

ताई, बरोबर धरलंत. ते दोघं चुलतभाऊ, एका वर्गात शिकलेले, "काय बे"शिवाय बोलणं नाही. त्या दिवशी मात्र "तुमी". मला हे तेव्हा ऐकूनही कळलं नव्हतं.

मी 'मपलं-तुपलं' घेतो. काकांची पाळी अजून ठरलेली नाही. रविवारी परत बसणार आहेत. हरभऱ्याला पाणी त्याआधी लागतंय.