मोठी कुत्री, थोड्या दिवसांचं घर : तुमचे अनुभव

इंडी, म्हणजे रस्त्यावरच्या देशी पिल्लांना घर मिळवून देणाऱ्यांचे अनुभव पुष्कळ वाचायला मिळतात. मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत मात्र 'अर्जंट फॉस्टर (तात्पुरतं सांभाळणारं घर) हवंय' एवढाच मेसेज फिरतो आणि पुढे काय झालं ते कळत नाही. जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन, हस्की किंवा रस्त्यावरचाच पण चांगला धिप्पाड गडी, कायमचं घर मिळेपर्यंत कोणी सांभाळला असेल तर लिहा. जागा, खर्च, शेजारी, घरातली भांडणं, काहीही चालेल. नुसतं 'किती गोड' नको, पुढच्याच्या कामी येईल असं असू द्या. सुरुवात मीच करते.

पुणे

आमच्याकडे आलेली लॅब (लॅब्रॅडॉर) मादी ब्रीडरने, म्हणजे विकायला पिल्लं काढणाऱ्याने, टाकून दिलेली होती. वेतावर वेत होऊन आचळं लोंबलेली, सिमेंटवर झोपून कोपरांना घट्टे पडलेले, कानांना आंबूस वास. लॅब म्हटलं की फोनवर फोन येतात, आणि वय सहा-सात म्हटलं की 'घरी विचारून सांगतो'. नसबंदीला नेली तर गर्भाशयात पू निघाला. वयस्क मादीचं ऑपरेशन आधी आणि दत्तकाची जाहिरात नंतर, हा आमच्याकडे तेव्हापासून नियम आहे.

तिला सगळ्यात जास्त छळलं ते आमच्या चकचकीत टाइल्सनी. मागचे पाय फाकायचे, मग ती घाबरून तिथेच बसायची. शेवटी जुने योगा मॅट कापून दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रस्ता केला. ती त्या रस्त्यावरूनच चालायची. चेंडू बाजूला घरंगळला तर मॅटच्या कडेला उभी राहून त्याच्याकडे बघत राहायची आणि मग माझ्याकडे. दत्तक घ्यायला येणाऱ्यांकडे मी सगळ्यात आधी त्यांच्या लादीचा फोटो मागितला. लोकांना वाटलं बाई जरा विक्षिप्त आहे, पण जे घर मिळालं तिथे जुनी शहाबादी होती आणि ती पहिल्या दिवसापासून घरभर फिरली.

माझं मत असं की फॉस्टरचं खरं काम खाऊ घालणं नाही, ते शेल्टरमध्येही होतं. कुकरच्या शिट्टीला काय करतो, रांगत्या बाळाजवळ कसा वागतो, एकटा राहतो का, हे घरातच कळतं. आणि ते माहीत असल्याशिवाय योग्य घर सापडत नाही.

ठाणे

माझ्याकडे रॉटवायलर होता, फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी घाला असं राज्यांना पत्र पाठवलं होतं, त्या धास्तीने कोणीतरी हायवेवर सोडून दिलेला. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. पण पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर जेवढं फिरलं तेवढा निकाल फिरला नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पत्राची प्रिंट घेऊनच दारात आले. मी त्यांच्यापुढे पशुकल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक सूचना ठेवली. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. कायदा आपल्या बाजूने असला तरी रोज तोंडं तीच बघायची असतात, म्हणून मी आपणहून मुसकं घालायचो आणि शाळेच्या बसची वेळ टाळायचो. शेवटी मैत्री झाली ती वॉचमनकाकांशी. त्यांच्या खुर्चीशेजारी हा पसरलेला दिसू लागल्यावर तक्रारी बंद झाल्या.

घर शोधणं मात्र जिवावर आलं. फोन करणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना फार्महाउसवर साखळीला बांधायला राखणदार हवा असतो. मी एकच प्रश्न विचारायचो, 'रात्री कुठे झोपणार?' उत्तरात 'गेटवर', 'शेडमध्ये' आलं की जागा भरली म्हणून सांगायचो. ज्यांनी उलट विचारलं, 'म्हणजे? घोरतो का?' त्यांच्याकडे तो आज आहे. घोरतो.

नागपूर

सेंट बर्नार्ड. मे महिना. यापुढे काय लिहू?

कोणी हौसेने घेतला, उन्हाळा लागल्यावर हौस फिटली. आमच्याकडे पारा ४५ ला आणि हा गडी आल्प्सच्या बर्फासाठी जन्मलेला. हॉलमधला कुलर त्याच्या मालकीचा झाला, आम्ही मागच्या खोलीत. फिरायला पहाटे, सूर्य डोकं वर काढायच्या आत परत, कारण डांबर तापलं की पंज्यांची कातडी निघते. केस भादरून टाका असं सगळे सांगत होते. डॉक्टरांनी अडवलं. अंगालगतच्या केसांनी उन्हापासून बचावही होतो, विंचरून आतली मेलेली लव काढा म्हणाले. पोतंभर निघाली.

घर मिळालं ते पाचगणीकडचं, आणि पुढचा प्रश्न न्यायचं कसं. रेल्वेत कुत्रा गार्डच्या डब्यातल्या पेटीतून जातो किंवा आपल्याबरोबर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे (दोन बर्थची बंद खोली) घेऊन. पेटीत याचं डोकं मावलं असतं, बाकीचा फलाटावर. कूपेचे पैसे चार घरांत वाटून घेतले. टीसी आला, दार उघडलं, 'चालू द्या' म्हणाला आणि दार लावून गेला. तिकीट बघितलंच नाही.

सांगली

आमचा कारवान, म्हणजेच मुधोळ हाउंड. जात मोठी उमदी, पण आमच्या भागात उसाच्या फडात ससे धरायला ठेवतात आणि पाय मोडला की सोडून देतात. २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळ हाउंडचं कौतुक केल्यावर तर इकडे जो तो पिल्लू मागायला लागला. वर्षभरात त्यातली किती गावातून मोकाट हिंडताना पाहिली ते विचारू नका.

दोन गोष्टी सांगतो. एक, हा कुत्रा मुळातच शेलाटा. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या म्हणजे उपाशी आहे असं नव्हे. शेजारच्या मावशी रोज शिळी भाकरी कुंपणावरून टाकायच्या, 'मुक्या जनावराला खायला घालत न्हाईत' म्हणून गावभर बोलायच्या. दुसरं, शेळी किंवा कोंबडी पळताना दिसली की हाक ऐकू जात नाही. पाच फुटी कुंपण त्याने उभ्या उभ्या ओलांडलं. त्यामुळे कोंबड्या पाळणाऱ्या घराला आम्ही स्पष्ट नाही म्हटलं, माणसं चांगली असूनही.

लेस्टर, इंग्लंड

सांगलीच्या दादांचं वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे याच गोताची ग्रेहाउंड होती, शर्यतीतून निवृत्त झालेली. दोन्ही कानांच्या आत हिरवट अक्षरं गोंदलेली. इथले लोक कान उलटा करून बघतात, दोन्ही कानांत गोंदण म्हणजे आयर्लंडमध्ये नोंदलेली. आयुष्य केनेलच्या पिंजऱ्यात गेल्यामुळे जिना माहीत नाही, काचेचं दार माहीत नाही, आरसा माहीत नाही. जिना शिकवायला मी स्वतः चार पायांवर चढून दाखवला. आईला व्हिडिओ कॉलवर नेमकं तेच दिसलं.

अंगावर चरबी नाही, म्हणून थंडीत जाकीट लागतं. भूल देतानाही या जातीत जपावं लागतं, कारवानवाल्यांनीही डॉक्टरांना आठवण करावी. एक फरक मात्र फार जाणवला. इथे संस्था डॉक्टरचा खर्च उचलते, घर बघायला येते, तेव्हा कुठे कुत्रा हातात देते. भारतात माझी बहीण फॉस्टर करते, तिच्याकडे रात्री दहाला रिक्षातून कुत्रा येतो आणि बिलं तीच भरते.

नाशिक

मी पशुवैद्य आहे, म्हणून थोडं रुक्ष लिहितो. हाडांचा सापळा झालेला कुत्रा आला तर पहिल्याच दिवशी ताट भरून वाढू नका. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. एकदम पोटभर खाल्ल्याने रक्तातले क्षार ढासळतात आणि उपासमारीतून वाचलेलं जनावर जेवणाने जातं. गोचीड ताप आपल्याकडे इतका आहे की ताप नसला तरी रक्त तपासा, प्लेटलेट खाली असतील तर पुढे शोधा. औषध साधारण महिनाभर चालतं. चार दिवसांत उड्या मारू लागला म्हणून थांबवू नका.

खोल छातीच्या मोठ्या जातींत, डेन, शेफर्ड, बर्नार्ड यांच्यात, जठराला पीळ पडतो. पोट नगाऱ्यासारखं फुगतं, ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर फेसाशिवाय काही पडत नाही. अशा वेळी ओवा-हिंग नको, गाडी काढा. तासांचा खेळ असतो.

आणि वारंवार फॉस्टर करणाऱ्यांनी स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवावी. चावल्यावर जखम धुणं आणि पुढचे डोस तरीही चुकत नाहीत, पण बरंच सोपं होतं. सोडून देणाऱ्यांबद्दल काय बोलणार? प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे. वडापावच्या पैशात सुटतात.

डोंबिवली

सगळे घर मिळाल्याचं लिहितायत, आमच्याकडचा गेलाच नाही. शेफर्ड, मागच्या पायांनी अधू, कंबरेच्या सांध्यात दोष. सासूबाईंनी पहिल्या दिवशी बजावलं होतं, 'पंधरा दिवस, वर एक दिवस नाही.' मग दत्तकासाठी माणसं यायला लागली आणि सासूबाईच मुलाखती घ्यायला बसल्या. एका कुटुंबाला घर लहान म्हणून, एकाला जिना आहे म्हणून, एका बिचाऱ्या मुलाला 'याचं अजून लग्न व्हायचंय, बायकोने नको म्हटलं तर?' म्हणून परत पाठवलं. शेवटी मीच दत्तकाच्या जाहिरातीतले त्याचे फोटो काढून टाकले. आता मोठा कुत्रा कायमचा घरात असल्यामुळे आमचं फॉस्टर करणं बंद झालं, हा तोटा लक्षात घ्या. एक ठेवला की पुढच्यांची जागा जाते.

कोल्हापूर

डोंबिवलीच्या ताईंचं पटलं, म्हणूनच मी एकही ठेवत नाही. रडते, पण देते. देताना त्याचं न धुतलेलं अंथरूण बरोबर, लसींची फाइल, आठवड्याचं त्याच्या सवयीचं खाणं, आणि एका कागदावर त्याच्या खोड्या. पहिले दोन आठवडे 'जमत नसेल तर रात्री-अपरात्रीही परत आणा' असं लिहूनच देते. एकदा एक हस्की दुसऱ्याच दिवशी परत आला, रात्रभर गायला म्हणून. आता कागदावर पहिलीच ओळ ती असते.

नागपूरच्या दादांना विचारायचं होतं, भिंतीवरचे लाळेचे डाग कशाने काढलेत? कालपासून माझ्याकडे एक मास्टिफ आहे आणि घरमालक रविवारी भाडं न्यायला येतात.