उत्तनचे रहिवासी
उत्तनची ओळख भाईंदरजवळचे रविवारच्या सहलीचे ठिकाण एवढीच करून दिली, तर ती अपुरी राहते. तिथे राहणारी माणसे तीत दिसत नाहीत, म्हणून ही भर. मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतल्या या उपनगरात प्रामुख्याने ख्रिस्ती कोळी समाज राहतो, आणि पावसाळा सरल्यावर बांबूच्या वलांड्यांवर, म्हणजे आडव्या बांधलेल्या काठ्यांवर, दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून ओळीने वाळत टाकलेले दिसतात (वासाने नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल दुसरा किनारा गाठावा). हे काम मुख्यतः बायकांच्या हातचे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा याच सुक्या मासळीवर अनेक घरांची भिस्त असते. शेजारच्या चौक गावात १७३९ साली पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकलेल्या धारावी किल्ल्याचे थोडे अवशेषही आहेत.